अस्सल पत्र भोगवटियास

पुण्याकडून येणारी एसटी पंचगंगेचा पूल ओलांडून कोल्हापुरात शिरली, की कावळा नाक्यावर ताराराणी दिसते. शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी घडवलेला पुतळा, मागच्या दोन पायांवर उभा घोडा. गावातल्या शाळकरी पोरालाही ही कोण ते सांगावं लागत नाही. पण तिच्या दरबारातून निघालेला एखादा कागद किती कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिला असेल? मला त्या कागदांविषयी लिहायचं आहे, कारण ज्या बाईने इथली गादी उभी केली तिची खरी ओळख त्यांतच आहे.

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाई तेव्हा पंचविशीतली, मुलगा शिवाजी चार वर्षांचा. औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसलेला. पुढच्या चार वर्षांत सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले एकामागून एक गेले, पुन्हा घेतलेही गेले. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडच्या लढाईनंतर सातारा हातचा गेला. तेव्हा ताराबाईने पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली. तीच करवीरची.

इथवर इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो. कागदांची गोष्ट इथून पुढे आहे, आणि ती सरळ नाही.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर उलथापालथ झाली. सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांनी ताराबाईला मुलासकट कैदेत टाकलं. पुढे कोल्हापूरची गादी चालली ती संभाजीराजांकडून, आणि त्यांच्यानंतर दत्तकांकडून. वारणेकाठच्या १७३० च्या लढाईत ताराबाई शाहूंच्या हाती लागली आणि साताऱ्यातच राहिली, ती १७६१ मध्ये वारली तोवर. म्हणजे जिने गादी स्थापली तिचा वंश त्या गादीवर राहिलाच नाही. आजीचे कागद नातवाने पेटीत जपून ठेवले, असं काही घडायला जागाच नव्हती.

अमेरिकेत याच्या नेमकं उलट घडलं. तिथला दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स आणि त्याची बायको ॲबिगेल यांनी एकमेकांना लिहिलेली अकराशेवर पत्रं शिल्लक आहेत. मुलगा सहावा राष्ट्राध्यक्ष झाला. पिढ्यान्‌पिढ्या त्या घराने चिटोरंही टाकलं नाही. क्विन्सी गावी त्यासाठी वेगळं दगडी ग्रंथालय बांधलं आणि १९५६ मध्ये सगळा संग्रह बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या नावे केला. त्याची मायक्रोफिल्म काढली तर ६०८ रिळं भरली. एक घर, एक संग्रह. अभ्यासकाने एका जागी बसावं आणि वाचावं.

मग ताराबाईचे कागद वाचले कसे? याचं उत्तर त्या कागदांच्या शेवटच्या ओळींत सापडतं.

इनामपत्र किंवा वतनपत्र हातात घ्या. वर राज्याभिषेक शक, मग संवत्सर, मास, तिथी. कुणाला काय दिलं, का दिलं, चतुःसीमा कोणत्या. आणि सरतेशेवटी अधिकाऱ्यांना उद्देशून ठरलेली वाक्यं येतात: दरवर्षी नव्या पत्राचा आक्षेप करू नये, या पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणे. भोगवटियास म्हणजे भोगवट्यासाठी, त्या जमिनीच्या ताब्याचा आधार म्हणून. दफ्तरात राहायची ती नक्कल. अस्सल कागद, राजाच्या शिक्क्यामोर्तबाचा, जायचा पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या, देशमुखाच्या, मठाच्या नाहीतर पुजाऱ्याच्या घरी. मला हे वाक्य पहिल्यांदा नीट लागलं तेव्हा मी पुढचं वाचायचं थांबलो. आपल्याकडे राजाचे कागद प्रजेच्या घरात का सापडतात, हे त्या एका ओळीत लिहून ठेवलेलं होतं.

आणि त्या घरांनी ते प्राणापलीकडे जपले. इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे, जमिनीपोटी. गादीवर नवा धनी आला की जुनी सनद पुढे करायची आणि नवी करून घ्यायची. भाऊबंदकी पेटली की कागद काढायचा. पुढे १८५२ च्या कायद्याने इंग्रजी मुलुखात इनाम कमिशनने पुरावे मागितले, तेव्हाही तोच कागद. यात कमीपणा काही नाही. पोटाचा आधार म्हणून जपलेला कागदच जास्त टिकतो, असं मला वाटतं.

ज्या काळात हे कागद लिहिले गेले तो ध्यानात घ्या. गड पडताहेत, खजिना रिकामा, सरदार कोणत्या बाजूला झुकेल याचा नेम नाही. अशा वेळी वतन देणं किंवा जुनं वतन पुन्हा चालू करणं हीच माणसं धरून ठेवायची रीत होती. म्हणून वरवर रुक्ष दिसणाऱ्या इनामपत्रात लढाईच वाहते आहे. बरीचशी पत्रं निघायची मात्र लहानग्या शिवाजीराजांच्या नावाने. ॲबिगेल स्वतःच्या सहीने लिहीत होती. ताराबाईचा हुकूम मुलाच्या नावाआडून वाचावा लागतो.

हा विखुरलेला पसारा एकत्र मांडायचं मोठं काम कोल्हापुरातच झालं. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार. नव्या विद्यापीठाच्या इमारती उभ्या करता करता त्यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ तीन खंडांत संपादित केली, फारसी पत्रांचा संग्रह १९७१ मध्ये वेगळा काढला आणि संभाजीराजांच्या राणी जिजाबाई यांच्या काळातले कागदही हाती घेतले. कुलगुरूच्या टेबलावर मोडीचा कागद, ही गोष्ट मला आजही विशेष वाटते. पुढे डॉ. जयसिंगराव पवार यांनी ताराबाईचं चरित्र लिहिलं, त्यालाही या कागदांचा पाया होता.

बाकीचे धागे ठिकठिकाणी आहेत. करवीर संस्थानचं दफ्तर राज्य सरकारच्या कोल्हापूर पुरालेखागारात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीसाठी तिथे अभ्यासक जास्त येतात. साताऱ्यातल्या अखेरच्या तीस वर्षांचा माग पुण्याच्या पेशवे दफ्तरात लागतो. गगनबावड्याच्या अमात्यांचं दफ्तर निराळं. त्याच घराण्यातल्या रामचंद्रपंतांनी राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा मुलूख सांभाळला, ‘आज्ञापत्र’ही त्यांचंच.

जुने कागद बांधलेला रुमाल सोडला की आधी वास येतो, जुन्या कापडाचा आणि कसरीच्या भुग्याचा. कागद हातकागदाचा, पिवळसर, घडीवर चिरलेला. बोरूची काळी शाई मात्र अजून ठसठशीत. मोडीत शब्द सुटे नसतात. ओळ एकदा धरली की शेवटपर्यंत हात उचललेला दिसत नाही. तारखेपाशी हमखास अडायला होतं. ‘इहिदे मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. इहिदे एक, मया शंभर, अलफ हजार, झाले ११०१. हा शुहूर सन. तो मृगाला सुरू होतो, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. उत्तर येतं १७००-०१. म्हणजे नवऱ्यामागे ताराबाईने कारभार हाती घेतला त्याचं पहिलंच वर्ष. हा हिशेब बोटांवर सुटला तेव्हा समोरचा कागद मला एकदम जवळचा वाटला.

हे सोडवणारी माणसं कमी झाली आहेत. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांचं अक्षर नातवाला परकं झालं. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग चालतात, तिथे निवृत्त शिक्षकांच्या शेजारी कॉलेजची मुलंही बसलेली दिसतात. त्यांना पुरून उरतील इतके कागद अजून माळ्यांवर आहेत. वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहतात, तेव्हा देवघरामागची लाकडी पेटी रद्दीत जाते. आता त्या सनदेवर जमीन मिळत नाही, मग ठेवायची कशाला, असं घरचे विचारतात आणि त्यांचंही चुकतं असं म्हणवत नाही.

तरी एवढं करा. पन्हाळा, शाहूवाडी, करवीर, बावडा या भागात घर असेल आणि रुमाल निघाला, तर कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घडी कडक झाली असेल तर जोर लावून उलगडू नका. कोरड्या सुती फडक्यात सैल बांधा, ओल आणि ऊन दोन्हींपासून दूर ठेवा. जेवढं उघडतं तेवढ्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण मागच्या बाजूलाही शिक्का असतो. मग पुरालेखागारात नाहीतर विद्यापीठाच्या इतिहास विभागात मोडी जाणणाऱ्याला दाखवा. त्यांनी प्रत घ्यावी, आणि अस्सल पत्र तुम्ही घरी परत आणावं.