दिवसाला ३६० मीटर

तंबाखूचं बी नुसत्या डोळ्यांनी मोजायला बसू नये. एका ग्रॅममध्ये ते साधारण ११,००० मावतं. मोहरीचा दाणा त्याच्यापुढं धिप्पाड वाटतो. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४८ लाखांच्या आसपास होती. अर्धा किलो बी माणशी एकेक वाटलं, तर सगळ्या जिल्ह्याला पुरून वर सहा-सात लाख शिल्लक राहतं. म्हणून तर तरू टाकताना हे बी बारीक वाळूत नाहीतर राखेत मिसळून फोकायचं. नुसतं मुठीनं फोकलं, तर शिवाराला पुरेल एवढं बी एकाच वाफ्यात पडायचं.

आता जरा कागदावरचा खेळ करू. एका झाडाला लाखभर बी येतं असं धरू. हा आकडा हात राखूनच घेतलाय, मोकळं वाढू दिलेलं झाड याच्या कितीतरी पट बी देऊ शकतं. एकरी पाच हजार झाडं धरू. एका झाडाचं सगळं बी उगवलं, तर पुढच्या हंगामात वीस एकर. त्याच्या पुढच्या हंगामात वीस लाख एकर. त्याच्याही पुढच्याला २०,००० कोटी एकर. पृथ्वीवरची सगळी जमीन, वाळवंटं आणि अंटार्क्टिकाचा बर्फ धरून, ३,७०० कोटी एकरांच्या आत-बाहेर आहे. म्हणजे बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळच्या कोगनोळीच्या एखाद्या बांधावर उभं राहिलेलं एक झाड चार पावसाळ्यांत पाच पृथ्व्यांची जमीन झाकून टाकेल. तसं होत नाही. बहुतेक बी वाया जातं, आणि पान भरावं म्हणून शेतकरी फुलं यायच्या सुमारास शेंडा खुडून टाकतो. बियाण्यापुरती चार झाडं राखली की काम भागतं.

पण एवढ्या बेफाट बीला क्यूबापासून आपल्या मुलखापर्यंत यायला लागली तब्बल ११२ वर्षं.

१२ ऑक्टोबर १४९२ला कोलंबस बहामा बेटांवर उतरला. तीन जहाजं, सगळी मिळून नव्वदेक माणसं. तिथल्या लोकांनी त्याला ज्या भेटी दिल्या, त्यांत वाळलेली पानं होती. ती लोकांना फार मोलाची वाटत असावीत, एवढं त्यानं रोजनिशीत टिपून ठेवलं, पण तो सोन्याच्या मागावर होता. पुढच्या महिन्यात क्यूबाच्या किनाऱ्यावरून त्यानं दोन माणसं आत पाठवली, लुईस दे तोरेस आणि रॉद्रिगो दे हेरेस. तोरेसला हिब्रू, अरामी आणि थोडी अरबी येत होती. आपण आशियात पोचलोय अशी कोलंबसाची खात्री असल्यानं या दोघांनी चीनच्या महान खानाचा दरबार शोधायचा होता. त्या खानांची, म्हणजे मंगोल युआन घराण्याची, चीनमधली सत्ता १३६८ सालीच संपलेली. १२४ वर्षांपूर्वी बुडालेल्या बादशाहीच्या नावचं पत्र घेऊन हे दोघे क्यूबाच्या रानात फिरत होते! दरबार सापडला नाही. पानांच्या पेटत्या गुंडाळ्या तोंडाला लावून धूर ओढणारी माणसं मात्र दिसली.

क्यूबाचा तो किनारा कोगनोळीपासून गोलाच्या सर्वांत जवळच्या वाटेनंही १४,७०० किलोमीटर भरतो. तंबाखू विजापूरच्या दरबारात असल्याची ठोस नोंद १६०४च्या सुमाराची आहे. भागाकार केला तर वर्षाला १३१ किलोमीटर, म्हणजे दिवसाला ३६० मीटर. आज कोगनोळीचा टोल नाका ओलांडून ताशी ८० किलोमीटरनं निघालेली गाडी हे अंतर सोळा सेकंदांत कापते. सरासरी खोटं बोलते हे कबूलच. पान रोज सकाळी उठून ३६० मीटर चाललं नाही. ते वर्षानुवर्षं कुठल्या बंदरात नाहीतर वैद्याच्या बागेत पडून राहिलं, मग एखाद्या जहाजातून एकदम हजारो मैल गेलं. फ्रान्सचा लिस्बनमधला वकील जाँ निको यानं १५६०मध्ये ते औषध म्हणून पॅरिसच्या राजघराण्याकडं पाठवलं. दोनेकशे वर्षांनी लिनियसनं या वनस्पतीच्या वंशाला त्याचं नाव चिकटवलं, आणि निकोटिनमुळं एक राजदूत जगभरच्या पाकिटांवर जाऊन बसला.

आपल्या बाजूला हे पान आणलं पोर्तुगीजांनी. वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला पोचला. त्याच्याबरोबर निघालेल्या सुमारे १७० जणांपैकी परत गेले ते तिसऱ्या हिश्श्याएवढेच. १५१०मध्ये अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतला. पणजी ते कोगनोळी सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, आणि कोगनोळी ते विजापूर दीडशे. मधे सह्याद्री उभा असला, तरी व्यापाऱ्यांच्या बैलांना घाट नवे नव्हते. समुद्रात माणसं मारून जे अंतर तोडलं, त्याच्यापुढं हा शेवटचा टप्पा किरकोळच.

विजापूरला तेव्हा दुसरा इब्राहीम आदिलशहा गादीवर होता. गाण्याबजावण्यात रमणारा, सत्तेचाळीस वर्षं राज्य केलेला सुलतान. त्याच्या मुलीचं लग्न अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी ठरलेलं, आणि त्या कामासाठी अकबरानं असद बेग नावाचा सरदार विजापूरला धाडला होता. असद बेगनं तंबाखू तिथं पहिल्यांदाच पाहिला. परत जाताना भरपूर बरोबर घेतला, रत्नं जडवलेली चिलीम-नळी तयार करवली आणि १,२०० किलोमीटरवर आग्र्यात बादशहापुढं चांदीच्या तबकात नजर केली. या प्रसंगाचं वर्णन त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि दरबारी लिखाणात एवढं जिवंत काही क्वचितच वाचायला मिळतं. बादशहा विचारतो, हे काय? खान-ए-आझम सांगतो, हा तंबाखू, मक्का-मदिनेत ठाऊक आहे. अकबर दोन-चार झुरके घेतो. हकीम लगेच आडवा येतो: आमच्या ग्रंथांत याचं नाव नाही, ज्याचे गुण माहीत नाहीत ते खाविंदांनी का घ्यावं? असद बेग अडून बसतो. जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती, आणि फिरंगी काही इतके मूर्ख नाहीत की पारख केल्याशिवाय घेतील. वाद रंगतो. अकबर ऐकून घेतो, तारीफ करतो, पण पुढं स्वतः ओढत नाही. सरदारांनी मात्र असद बेगकडून मागून घेतला, आणि बघता बघता व्यापारी विकायला लागले.

हकिमाचं म्हणणं बरोबर होतं हे जगाच्या ध्यानात यायला पुढं साडेतीनशे वर्षं लागली.

त्याच १६०४मध्ये लंडनला पहिला जेम्स राजा या धुरावर इतका भडकला होता, की त्यानं स्वतः तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली. लिहून थांबला नाही. पौंडामागं दोन पेन्स असलेला कर त्यानं सहा शिलिंग दहा पेन्सवर नेला. बारा पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे ८२ पेन्स. दोनाचे ब्याऐंशी, एकदम ४१ पट! आपल्याकडं अर्थसंकल्पात सिगरेट दहा टक्क्यांनी महागली तरी पानटपरीवर हळहळ होते. १६१७मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. इराणचा शाह अब्बास आधीच घालून बसला होता. तुर्कस्तानच्या चौथ्या मुरादनं १६३३मध्ये ओढणाऱ्याला देहदंडच लावला. तीस वर्षांच्या आत चार बलाढ्य राजे एका पानावर तुटून पडले, आणि चौघेही हरले.

जेम्सची गंमत तर और आहे. त्याच्याच नावानं १६०७मध्ये अमेरिकेत वसवलेलं जेम्सटाउन उपासमारीनं मोडायच्या बेतात होतं. त्याला तारलं तंबाखूनं. तिथून १६१६ला जेमतेम २,५०० पौंड माल इंग्लंडला गेला; १६४०च्या सुमारास तो १५ लाख पौंडांच्या घरात होता. चोवीस वर्षांत सहाशे पट. १६१९मध्ये त्याच वसाहतीत वीसेक आफ्रिकी माणसं जहाजातून उतरवून विकली गेली. अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापाराची सगळी बेरीज, तंबाखू, ऊस, कापूस मिळून, सव्वा कोटी माणसांवर जाते, आणि त्यांतली सुमारे १८ लाख किनाऱ्याला लागलीच नाहीत.

जाता जाता: संकेश्वरी मिरचीसुद्धा त्याच वाटेनं आलेली. मका, भुईमूग, बटाटा, टोमॅटोही. १४९२च्या आधी कोल्हापूरकराच्या तांबड्या रश्श्याला तांबडेपणा आणणारं तिखट या खंडात नव्हतंच. हे मान्य करायला कोल्हापूरकडच्या माणसाला वेळ लागतो, तेव्हा पुढं जाऊ.

कोगनोळीवर या काळात राज्यं किती झाली, तेही बघण्यासारखं आहे. आदिलशाही १६८६ला बुडाली. मग मोगल, मराठे, निपाणकर देसाई, १८१८नंतर कंपनी सरकार, मग राणीचं सरकार, मुंबई प्रांत. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. सीमावादावरच्या महाजन आयोगानं १९६७मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली, निपाणी त्यांत होती. २४७ गावं महाराष्ट्रातून कर्नाटकाला द्यायची होती. ना ती गेली, ना ही आली. २००४पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. माणसाचा झेंडा बदलत राहिला, दूधगंगेच्या अलीकडं एक सरकार आणि पलीकडं दुसरं झालं. निपाणीच्या वखारींत विडीचा जर्दा येतच राहिला.

त्या जर्द्याचा भाव ठरवायचे वखारवाले. घाम एकाचा आणि काटा दुसऱ्याचा, हे गणित १९८१मध्ये रस्त्यावर आलं. १४ मार्चला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकरी बसले. सुमारे ४०,००० माणूस. कोलंबसाच्या तिन्ही जहाजांवर मिळून जेवढी माणसं होती, त्याच्या चारशेचाळीस पट. जोशी हे स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून शेतीत उतरलेले. जगाचा बाजार त्यांनी तिकडून पाहिला होता. भाकरी बांधून आलेले लोक दिवसामागून दिवस डांबरावर राहिले. चोविसाव्या दिवशी, ६ एप्रिलला, पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मेले. शाळेच्या इतिहासात अकबराची नवरत्नं पाठ करायला लावतात. हे बारा जण शंभर मैलांपलीकडच्या मुलांना माहीत नसतात.

या पिकाची बाजू घेणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. विसाव्या शतकात तंबाखूनं सुमारे दहा कोटी माणसं मारली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दोन्ही महायुद्धांतल्या सगळ्या देशांच्या मृतांची बेरीज केली, तर ती याच्या जवळपास किंवा थोडी अलीकडंच थांबते. आजही वर्षाला सत्तर लाखांहून जास्त माणसं जातात, म्हणजे मिनिटाला तेरा. निपाणी भागात कित्येकांनी तंबाखू मोडून ऊस धरला, सोयाबीन धरलं. त्याला आरोग्याच्या सल्ल्यापेक्षा भाव आणि पाणी जास्त कारण झालं असावं, असं मला वाटतं.

आता पानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईचा हिशेब. देशात विडी वळणारे हात सुमारे ५० लाख, त्यांत बहुतेक बायकांचे. मजुरी हजारावर. आठ तासांत हजार वळायच्या, तर एका विडीला २९ सेकंद मिळतात. तेवढ्यात भिजवलेलं टेंभुर्णीचं पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा मारायचा, तोंड दाबायचं. वर्षाचे तीनशे दिवस आणि अशी तीस वर्षं धरली, तर नव्वद लाख विड्या होतात. हजाराला पाव किलो जर्दा लागतो, म्हणजे एका बाईच्या बोटांतून सव्वादोन टन तंबाखू गेला, आणि त्याची धूळ श्वासातून गेली ती वेगळीच. एक विडी सहा सेंटिमीटरची धरून एकापुढं एक ठेवत गेलं, तर ५४० किलोमीटर. कोगनोळीच्या नाक्यावरून सुरुवात केली तर बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगेरे मागं टाकून ही रांग तुमकूर ओलांडते.

यात छाट धरलेली नाही. वाकडी वळली, पान फाटलं, तोंड नीट बसलं नाही, अशी विडी तपासणारा बाजूला काढतो. तिलाही पान लागलेलं असतं, जर्दा लागलेला असतो आणि तेच २९ सेकंद गेलेले असतात. तिचा पैसा मिळत नाही.