आदिवासी बालकांचे लसीकरण आणि आरोग्य-समता

भारतात 1985 पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम राबविला जात आहे. तथापि, लस मोफत असणे म्हणजे ती सर्वांना समान मिळणे नव्हे. महाराष्ट्रातील कातकरी या आदिम जमातीची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा 9 ते 12, तर दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या वयात द्यावयाची असते. ही वेळ स्थलांतरकाळात आल्यास गावच्या यादीत नाव असते, पण बालक नसते. भट्टीवर बालक असते, पण नाव नसते. 2014 मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यने अशा वस्त्यांना प्राधान्य दिले. दौंड तालुक्यातील खुटबावसारख्या ऊसपट्ट्यातील गावांनीही हंगामी मजुरांच्या बालकांची नोंद स्वतःच्या यादीत करणे, हीच आरोग्य-समतेची पहिली पायरी होय.