दमसासाची विद्या

इटालियन ऑपेरा म्हटला की छाती फुगवून गगनभेदी सूर फेकणारा गवई आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र बरेच नंतरचे आहे. १६०० साली फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात ‘युरिडिची’ हा ऑपेरा झाला तो निवडक पाहुण्यांपुढे. रचनाकार जाकोपो पेरी हाच त्यात नायक होऊन गायला. १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून येणाऱ्यांसाठी नाट्यगृह उघडले, श्रोते वाढले. तरी गुरुजनांनी शिष्यांना ओरडायला शिकविले नाही. शिकविले ते श्वास राखायला.

त्यांची कसोटी ऐकायला अगदी सोपी वाटते. एक स्वर बारीक लावावा, एकाच दमात तो भरीत न्यावा आणि तितक्याच सावकाश पुन्हा बारीक करीत विरू द्यावा. ‘मेस्सा दि व्होचे’ म्हणतात याला. घरी जाऊन करून पाहा! आवाज वाढविताना श्वासाचा रेटा वाढतो आणि सूर चढू पाहतो. कमी करताना तो उतरू पाहतो. म्हणून बरगड्या फुललेल्याच ठेवून श्वास कंजुषाच्या हाताने खर्चावा लागतो. शिवाय छातीचा आवाज व वरचा हलका आवाज यांचा सांधा कोठे ऐकू येता कामा नये, असा आग्रह तोझी या गवयाने १७२३ च्या आपल्या ग्रंथात धरला आहे.

या विद्येचे शिखर म्हणजे फारिनेल्ली. पण त्या शिखराच्या पायथ्याशी काय गाडले आहे, तेही सांगितले पाहिजे. आवाज फुटण्यापूर्वीच मुलाचे पुरुषत्व शस्त्राने नष्ट करीत. कंठ लहान राही, छाती मात्र मोठ्या माणसाची होई. रोममध्ये स्त्रियांना रंगभूमीवर मज्जाव होता, त्यामुळे या गवयांना मागणीही होती. शस्त्र चाललेल्या मुलांतून फारिनेल्ली होणारा विरळा. बाकीच्यांची आठवण कोणी ठेवली नाही.

पुढे १८३७ साली पॅरिसमध्ये, रॉसिनीच्याच ‘विल्यम टेल’ या ऑपेरात, इटलीत तयार झालेल्या ड्युप्रेने तारसप्तकातला सूर भर छातीतून लावला. रॉसिनीला तो रुचला नाही. लोक मात्र वेडे झाले. तोवर तेथे अग्रस्थानी असलेला नूरी ही नवी तऱ्हा शिकायला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इटलीला गेला. नवा आवाज मनासारखा बसेना, आणि जुना हलका आवाज हातचा गेला. मार्च १८३९ मध्ये नेपल्स येथे त्याने आपला जीव दिला.