बाइंडर आवळायला किती जोराचं यंत्र हवं?

अमेरिकेत आणि कॅनडात उघड्या ट्रेलरवरून पोकलेन, रोडरोलर किंवा पोलादी सामान न्यायचं असलं की ते साखळ्यांनी बांधतात आणि साखळ्या रॅचेट बाइंडरने आवळतात. मधे एक नळी, तिच्या एका टोकाला उजव्या आणि दुसऱ्या टोकाला डाव्या आट्यांचा स्क्रू. हँडल मागेपुढे केलं की नळी फिरते आणि दोन्ही स्क्रू आत ओढले जातात. असे आठ-दहा बाइंडर रोज आवळायचे आणि सोडायचे म्हटलं की खांद्याची वाट लागते. त्यामुळे हे काम बॅटरीवरच्या यंत्राने करण्याची सोय चालकांना हवीहवीशी वाटते, आणि त्यात काही गैर नाही. गैर आहे तो खरेदीच्या वेळचा हिशेब: टॉर्क जितका जास्त तितकं यंत्र चांगलं, आणि साखळी जितकी कडक तितका माल सुरक्षित.

हा हिशेब आकड्यांवर घासून पाहू. हाताने लावलेला जोर रॅचेट बाइंडर सुमारे 50 पट करतो, असं उत्पादक सांगतात. हँडल 14 इंची धरलं आणि माणसाने 100 पौंडांचा जोर लावला, तर नळीवर साधारण 117 फूट-पौंड टॉर्क येतो आणि साखळीत 5,000 पौंडांचा ताण. ग्रेड 70 च्या 3/8 इंची साखळीची कामाची मर्यादा, म्हणजे वर्किंग लोड लिमिट, 6,600 पौंड आहे. ती तुटते 26,400 पौंडांच्या आसपास. आता ठोके देत फिरवणाऱ्या मोठ्या इम्पॅक्ट रेंचच्या खोक्यावर 1,000 फूट-पौंड छापलेलं असतं. त्याच प्रमाणात मोजलं तर ताण 43,000 पौंडांच्या घरात जातो. साखळी तुटण्याच्या कितीतरी पलीकडे! यावर कोणी म्हणेल, प्रत्यक्षात एवढा जोर पोचतच नाही. ते खरंच आहे. खोक्यावरचा आकडा घट्ट बसलेल्या आखूड बोल्टवरचा असतो. लांब, ताणली जाणारी साखळी आणि यंत्र बाइंडरला जोडणारा मधला अडॅप्टर त्या ठोक्यांतला बराच जोर खाऊन टाकतात. पण नेमका किती खातात हे आट्यांवरच्या ग्रीसवर, गंजावर आणि साखळीच्या लांबीवर अवलंबून असतं. एका बाइंडरवर ताण कमी पडेल, शेजारच्यावर मर्यादा ओलांडेल, आणि हाताला दोन्ही सारखेच वाटतील. ज्या यंत्राचा जोर कळत नाही, ते या कामाला नको.

त्यापेक्षा तगडं ड्रिल बरं. 18 व्होल्टच्या वरच्या वर्गातल्या ड्रिलचा कमाल टॉर्क 100 फूट-पौंडांच्या आसपास असतो, म्हणजे हँडलवर रेलणाऱ्या माणसाच्या बरोबरीचा. शिवाय त्याला क्लच असतो. इम्पॅक्टवाल्यांचा आक्षेप असा की ड्रिल मनगट पिरगाळतं, इम्पॅक्ट तसं करत नाही. आक्षेप रास्त आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: फूटभर लांबीचा बाजूचा दांडा धरला असेल तर स्क्रू अडकल्या क्षणी त्याच्या टोकाशी 100 पौंडांचा, म्हणजे 45 किलोंचा झटका बसतो. म्हणून बाजूच्या दांड्याशिवाय ड्रिल या कामाला लावूच नये, आणि अचानक अडकल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असलेलंच घ्यावं. इम्पॅक्ट हाताला झटका देत नाही हा त्याचा गुण खरा, पण त्यामुळेच साखळी किती ताणली गेली याची जाणीवही हाताला होत नाही.

अडॅप्टरबद्दलही अशीच गफलत होते. साध्या बाइंडरची नळी साखळीच्या रेषेतच असते, तिच्या टोकाला सॉकेट लावायला जागाच नसते. त्यामुळे जोर काटकोनात वळवणारा गिअर मधे लागतो, नाहीतर सॉकेटसाठी खास डोकं असलेला बाइंडर घ्यावा लागतो. या गिअरचं प्रमाण 3:1 असेल तर ड्रिलचे 100 फूट-पौंड नळीवर घर्षण वजा जाता 300 च्या जवळ पोचतात. म्हणजे हँडलला पाइप घालून ओढण्यासारखंच झालं, आणि ते तर बाइंडरचे उत्पादक स्पष्ट नाकारतात. यंत्राचा टॉर्क गुणिले गिअरचं प्रमाण, हा आकडा पाहून निवड करावी. इम्पॅक्ट वापरायचंच असेल तर निदान सॉकेट तरी इम्पॅक्टसाठी बनवलेला, जाड भिंतीचा असावा; हातपान्याचा चकचकीत क्रोमचा सॉकेट ठोक्यांनी तडकतो.

पण मुळात कडकपणा म्हणजे सुरक्षितता हेच खरं नाही. अमेरिकी नियमांनुसार बांधणीची एकूण मर्यादा मालाच्या वजनाच्या किमान निम्मी हवी, आणि ट्रेलरपासून थेट मालाच्या कडीपर्यंत जाणाऱ्या साखळीची निम्मीच मर्यादा धरली जाते. 30,000 पौंडांच्या पोकलेनला 15,000 पौंड लागतात. 3/8 इंची चार साखळ्या म्हणजे 3,300 चोक 13,200. कितीही आवळल्या तरी त्या अपुऱ्याच. 1/2 इंची घेतल्या तर साखळीची मर्यादा 11,300, पण सोबतचा बाइंडर 9,200 चा असेल तर तोच आकडा धरायचा, कारण सर्वांत कमजोर भागाची मर्यादा तीच अख्ख्या बांधणीची. निम्मे 4,600, चार मिळून 18,400. आता हिशेब बसला, आणि यात टॉर्कचा कुठे संबंधच आला नाही. ताण लागतो तो ढील काढून साखळी खडखडू नये इतकाच. त्यापुढचा प्रत्येक पौंड ब्रेक दाबताना किंवा वळणावर लागणाऱ्या राखीव ताकदीतून वजा होतो.

म्हणून यंत्राला ढील काढण्याचं लांबलचक, कंटाळवाणं काम द्यावं, शेवटचे काही दात हँडलने हातानेच घ्यावेत. खांदा वाचतो आणि ताणाचा अंदाजही राहतो. सोडतानाही सुरुवात हातानेच करावी, ताण उतरला की मगच यंत्र लावावं. हँडल काढून टाकून फक्त यंत्रावर चालणारी व्यवस्था करू नये, कारण वाटेत चालकाला बांधणी आवळता आलीच पाहिजे, असा नियम आहे. माल बसतो, टायर दबतात, साखळ्या सैल होतात. त्यासाठी पहिल्या 50 मैलांच्या आत थांबून पाहायचं, पुढे दर 150 मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल तेव्हा. त्या वेळी बॅटरी उतरलेली असली तरी हँडल जागेवर हवं.