मुसळीचं डोकं

साधारण २००० सालच्या मागेपुढे जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द शिरला: डिस्क. कापूस-ज्वारी करून थकलेली माणसं पारावर बसून डिस्कच्या गोष्टी करू लागली. डिस्क म्हणजे सफेद मुसळीचं डोकं. वरून जिथं पानं फुटतात आणि खाली बोटासारखी मुळं लोंबतात, ती नखाएवढी चकती. मुळांना सगळे फिंगर म्हणत. त्याच सुमारास आमच्या काकांनी अर्धा एकर मुसळी लावली.

मुसळी सातपुड्याला परकी नव्हती. पावसाळा सरताना डोंगरातली कोरकू, भिलाला माणसं ती उकरून आणत, व्यापारी घेत. वावरात लावायची कल्पना तेवढी नवी. शास्त्राच्या वहीतही ती उशिराच चढली. १९५५ साली फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचं वर्णन केलं आणि बोरिवलीच्या नावावरून तिला ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’ म्हटलं. तिकडे मुंबई-कोकणात तिची कोवळी पानं फोडशी म्हणून भाजीला खपतात. आमच्याकडे पानाकडे कोणी बघितलं नाही, सगळ्यांचा डोळा मुळीवर. त्यातच २००० साली केंद्रानं राष्ट्रीय वनौषधी मंडळ काढलं, अनुदानाची भाषा सुरू झाली, आणि औषधी पीक म्हणजे पैशाचं झाड असं वातावरण तयार झालं.

हिशेब कागदावर देखणा होता. ३० बाय १५ सेंटिमीटरवर लावली की एकरात ८०,००० च्या घरात रोपं बसतात. एक फिंगर ५ ग्रॅमचं धरलं तरी एकरी ४ क्विंटल बेणं. बियांपासून रोपं फार थोडी मिळतात, म्हणून सगळी भिस्त बेण्यावर, आणि बेणं किलोला शेकडो रुपये. म्हणजे पेरणीआधीच एकरामागे लाखाची गोष्ट. खरा धंदा इथंच होता, असं मला आज वाटतं. पहिल्यानं दुसऱ्याला बेणं विकलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. औषधासाठी सोललेली, वाळवलेली मुळी नेणारं गिऱ्हाईक या साखळीच्या पार टोकाला उभं होतं, आणि तिथवर फार कमी जण पोचले.

काकांच्या पोत्यात वर चांगले गुच्छ होते, तळाशी सुटी फिंगरं. पांढरी, भरलेली, दिसायला गुच्छांपेक्षा सरस. मिरगाचा पाऊस झाल्यावर गादीवाफ्यांवर लावली. गुच्छांच्या ओळी हिरव्या झाल्या, सुट्या फिंगरांच्या ओळी तशाच काळ्या राहिल्या. उकरून बघितलं तर एकालाही डोकं नाही. बटाट्याला अंगभर डोळे असतात. मुसळीच्या मुळीला एकही नसतो. डिस्कचा तुकडा चिकटलेला नसेल तर ती मुळी जमिनीत नुसती सडायची वाट बघते. आणि आम्ही माल तोलून घेतला होता, वजनावर!

दुसऱ्या वर्षी काका बेणं स्वतः निवडायला बसले. गुच्छ हातात घेऊन डिस्क अंगठ्यानं दाबायची; मऊ लागली की बाजूला. शेंडा काळा पडलेला, साल सुरकुतलेलं, बुरशीचा वास येणारं, सगळं बाजूला. मग धारदार चाकूनं असं चिरायचं की प्रत्येक फिंगरासोबत डिस्कची एक फाक यावी. बुरशीनाशकात बुडवून सावलीत सुकवायचं. लावताना डोकं वर, शेंडा खाली, आणि डोक्यावर माती जेमतेम झाकण्यापुरती.

एवढं करूनही जमीन आडवी येई. डोंगराच्या पायथ्याच्या मुरमाड, निचऱ्याच्या रानात मुसळी साधली. पूर्णेकडे खाली उतरलं की भारी काळी माती, खारपाणपट्टा. तिथं ऑगस्टची झड लागली की वाफ्याखाली पाणी धरतं आणि मुळी कुजते. पाऊस सरताना पानं पिवळी होऊन गळतात, तेव्हा पीक गेलं असं समजून घाईनं उकरणारेही होते. खरं तर मुळी तशीच जमिनीत ठेवायची. साल पांढऱ्याचं तपकिरी झालं की ती पिकली. मग बायांनी एकेक फिंगर सोलायचं. पाच किलो ओल्या मुळीची जेमतेम किलोभर सुकी.

ती किलोभर विकायची वेळ आली तेव्हा बेणं देणाऱ्यानं लिहून दिलेल्या परतखरेदीच्या कागदावरचा फोन लागेना. तो कागद काकूनं बरीच वर्षं कपाटात जपून ठेवला होता, का ते तिलाच माहीत.

पुढे तीच माणसं शतावरीकडे वळली. शतावरी आपल्या कुंपणात उगवते. विलायतेत जिचे कोंब खातात ती अ‍ॅस्परॅगस तिचीच बहीण. तिचंही सारं डोक्यात. मुळ्या काढून घेतल्या, डोळ्यासकट डोकं पुन्हा लावलं की ती परत फुटते. पण काढणीला दीड-दोन वर्षं थांबावं लागतं.

काकांनी मुसळी सोडली, पण विहिरीजवळ एक वाफा ठेवला आहे. यंदा होळीच्या आधी तो उकरला. बारकी मुळी नातवंडांनी सोलायला घेतली. जाड गुच्छ काकांनी कोणाला हात लावू न देता कोरड्या वाळूच्या मडक्यात घातले आणि मडकं खाटेखाली सरकवलं, मिरगापर्यंत.