डागी आंबा आणि सहा कोर

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला भाचीकडे गेलो, तेव्हा घरात एकच विषय होता. लेकाला कॉम्प्युटर हवा होता, अभ्यासासाठी आणि माइनक्राफ्टसाठी. आठ कोरचा प्रोसेसर घ्यायचा की सहा कोरचा स्वस्तातला, यावर वरणभात निवत होता. या वादाचं मूळ सायकलने जाता येईल इतक्या जवळ, फेल्डहोवनला आहे.

तिथली एएसएमएल चिप 'छापण्याची' यंत्रं बनवते. १९८४ साली फिलिप्सच्या शेजारच्या गळक्या शेडमध्ये सुरू झालेली ही कंपनी. तिची यंत्रं प्रकाशाने सिलिकॉनच्या तबकडीवर नक्षी उमटवतात. काही यंत्रांत भिंग आणि तबकडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर ठेवतात. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाण्यात शिरला की सुमारे १३४चा होतो आणि रेघ आणखी बारीक उमटते. पाण्याला कामाला जुंपावं ते डच माणसानेच!

वादातले दोन प्रोसेसर, एएमडी कंपनीचे २०२१चे रायझन ५६००जी आणि ५७००जी, एकाच नक्षीचे. १८० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यावर १०७० कोटी ट्रान्झिस्टर आणि आठ कोर. इतक्या बारीक कामात कुठेतरी दोष राहतोच. मग बिघडलेला कोर बंद करून, जोडीला आणखी एक मिटवून तोच तुकडा सहा कोरचा म्हणून विकतात. डागी हापूस वेगळ्या पेटीत घालून कमी भावाने द्यावा, तसं. फरक एवढाच की हा डाग पसरत नाही. आणि स्वस्त मालाला मागणी वाढली, तर धडधाकट तुकडेही याच पेटीत जातात.

हलक्याफुलक्या खेळांना सहा कोर भरपूर. खरी अडचण चित्राची. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते कॉम्प्युटरच्या रॅमवरच जगतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती येते आणि खेळ अडखळत नाही. आठ कोरसाठी जादा पैसे मोजून रॅमची एकच पट्टी लावणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो. इंटेलचा आय३-१२१००एफ घेणाऱ्यानेही जपावं. त्यात ग्राफिक्सच चालू नसतं, वेगळं कार्ड लावेपर्यंत पडदा काळाच.

शेवटी ५६००जी आला, दोन पट्ट्यांसह. पोराने चिप उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "आजोबा, यातले बंद पडलेले दोन कोर कुठे आहेत?"

सांगता येत नाही. प्रत्येक चिपमध्ये ते वेगळ्या जागी असू शकतात.