बेचाळीस रात्री आणि अडीच तास : कादंबरीचा चित्रपट होताना काय गाळतात?



एखाद्या आवडत्या पुस्तकावरचा चित्रपट घरात सगळ्यांनी मिळून पाहिला की ज्यांनी पुस्तक वाचलेले असते त्यांच्याकडून एक वाक्य हमखास येते : "पुस्तकातलं कितीतरी यात नाहीच!" तक्रार खरी असते. पण गाळलेले का गाळले, याचा विचार आपण सहसा करत नाही. तो करून पाहण्यासाठी हा लेख.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आदिलाबाद, बेला, जैनथ, तामसी या भागांतल्या मराठी घरांमधली पुष्कळ मुले आज तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. ती घरात मराठी बोलतात आणि मराठी चित्रपट आवडीने पाहतात, पण दोनशे-तीनशे पानांचे मराठी पुस्तक सहज हाती घेत नाहीत. त्यामुळे चित्रपटात जे आले तेवढेच पुस्तक त्यांना भेटते. जे गाळले ते त्यांच्यासाठी जणू लिहिलेच गेले नाही.

हिशेब वेळेचा

सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. कादंबरीसारखे वाचले जाणारे हे आत्मकथनपर पुस्तक बेचाळीस रात्रींमध्ये विभागलेले आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट केला. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

चित्रपट आहे सुमारे अडीच तासांचा, म्हणजे १५० मिनिटांचा. ती बेचाळीस रात्रींना सारखी वाटली तर एका रात्रीच्या वाट्याला साडेतीन मिनिटे येतात. त्यातूनच गाण्यांनाही वेळ द्यायचा. साडेतीन मिनिटांत कोणताच प्रसंग मनात रुजत नाही. सगळे घ्यायचे ठरवले तर काहीच धड पोचणार नाही, म्हणून निवड करावीच लागते.

पहिली कसोटी : काढले तर पुढचे कोसळते का?

पटकथा लिहिताना प्रत्येक प्रसंग मनातल्या मनात काढून पाहायचा आणि पुढचे काही अडते का ते तपासायचे. 'पर्णकुटी' ही रात्र काढली तर एकत्र कुटुंबातून वेगळे निघालेले हे घर झोपडीत कसे आले, ते कळत नाही. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' आणि 'अब्रूचे धिंडवडे' काढले तर आईच्या शेवटच्या आजारामागचे दुःख समजत नाही. हा कर्जाचा आणि ओसरत्या दिवसांचा धागा म्हणजे कथेचा कणा. त्याला हात लावता येत नाही.

उलट 'मोरी गाय' काढली तर कथा अडत नाही. 'दूर्वांची आजी' काढली तरी अडत नाही. कात्री पहिल्यांदा अशा प्रसंगांवर चालते. ते कमी मोलाचे असतात असे मात्र नाही. त्यांच्यावर पुढचे काही उभे नसते, एवढेच.

दुसरी कसोटी : डोळ्यांना दिसते का?

मग श्यामच्या पोहण्याचा प्रसंग का ठेवला? तो काढला असता तरी कर्जाची गोष्ट अडली नसती. पण त्या एका प्रसंगात सगळी आई दिसते. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला ती मारून पाठवते, आणि नंतर त्याच्या वळांना स्वतःच तेल लावते. कठोरपणा आणि माया दोन्ही कृतीतून दिसतात. त्यासाठी एकाही वाक्याचे स्पष्टीकरण लागत नाही. असा प्रसंग पाच प्रसंगांचे काम करतो.

पुस्तकात श्याम मध्येच थांबून धर्म, प्रेम, देश यांवर मित्रांशी पानेच्या पाने बोलतो. वाचताना ते मनाला भिडते, पण पडद्यावर तेच भाषण होते. म्हणून असे चिंतन एखाद्या चेहऱ्यावर किंवा कृतीत उतरवावे लागते, नाहीतर सोडून द्यावे लागते.

तिसरी वाट : जोडणे

नुसते गाळून भागत नाही तेव्हा जोडावे लागते. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये 'सिंहासन' चित्रपट केला. मुख्यमंत्री, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवणारा अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर अशी माणसांची गर्दी! ती सांभाळायला निळू फुले यांनी रंगवलेला पत्रकार दिगू टिपणीस कामी येतो. पत्रकाराला सगळीकडे वाट मोकळी असते. त्याच्या मागे जाताना प्रेक्षकाला एकेकाची ओळख आपोआप होते.

सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'त वेगळे केले. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण बरीच लवकर जाते. चित्रपटात त्यांनी तिला जास्त काळ जिवंत ठेवले. प्रसंग गाळताना एखाद्या माणसाचे आयुष्य वाढवणेही कधी कथेच्या हिताचे ठरते.

कापलेले कुठे जाते?

१९२४ मध्ये अमेरिकेत एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनी 'मॅकटीग' या कादंबरीवर 'ग्रीड' नावाचा मूकपट केला. काहीही न गाळण्याच्या हट्टामुळे तो सुरुवातीला आठ-नऊ तासांचा झाला. निर्मिती संस्थेने तो अडीच तासांच्या आत आणला, आणि कापलेली फीत कायमची गेली. आज ती कुणालाच पाहता येत नाही.

पुस्तकाचे तसे होत नाही. चित्रपटाने 'मोरी गाय' घेतली नाही तरी ती कपाटातल्या पुस्तकात असतेच. फक्त कुणीतरी ते उघडावे लागते. महाराष्ट्रात हे काम शाळा आणि वाचनालये काही प्रमाणात करतात. पैनगंगेच्या अलीकडे ते मुख्यतः आपल्या घरांनाच करावे लागणार.

म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांना एक सुचवावेसे वाटते. सुट्टीत 'श्यामची आई' मुलांसोबत बघा. मग पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून विचारा : तुम्ही चित्रपट केला असता तर कोणत्या दहा रात्री घेतल्या असत्या? चित्रपटात नसलेली एक रात्र आजी-आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवावी. एका रात्रीला फार वेळ लागत नाही. मुले आपली निवड सांगताना वाद घालतील, आणि वाद घालण्यासाठी त्यांना पुस्तक उघडावे लागेल.

आपल्या घरची दहा रात्रींची यादी मंडळाकडे जरूर पाठवा. कोणत्या घराने काय ठेवले आणि काय गाळले, ते आपण सगळे मिळून वाचू.